चेरीचा पाट

मुंबईच्या विमानतळावर बॅग जड भरली आणि आईने हट्टाने कोंबलेला सागवानी पाट बाहेर काढावा लागला. बाबा तो काखेत मारून काचेपलीकडे उभे. आई घुश्शात म्हणाली, "मग काय, तिकडे खुर्चीवर बसून ओवाळून घेणार का गं?" घेतलं की! इथे परदेशात, विंडसरला कितीतरी वाढदिवस डायनिंग चेअरवरच झाले, आणि दर वेळी तो पाट आठवून जीव कसनुसा व्हायचा. तुम्ही मागे राहिलेले असा की माझ्यासारखे निघून आलेले, असलं काहीतरी तुमचंही राहिलंच असेल.

आमच्या बॅकयार्डच्या फेन्सला काळ्या चेरीचं झाड होतं. लावलं कुणीच नव्हतं. इथे रानाच्या कडेला, शेताच्या बांधावर, ऊन मिळेल तिथे पाखरांनी टाकलेल्या बियांतून ते आपलं आपण उगवतं. साल जळक्या पापडासारखी. ग्रोसरीतली चेरी समजून मी पहिल्या वर्षी मुरंबा घातला. साखर ओतून दमले, पण कडवटपणा काही जाईना. लाकूड मात्र सोन्यासारखं, असं शेजारचे फ्रँक सांगायचे. हौशी सुतार ते. इथली जुनी कपाटं-टेबलं याचीच असतात म्हणे. वादळात झाड पडलं तेव्हा त्यांनी फळ्या काढून गराजमध्ये सुकवल्या, आणि मी फोटो दाखवून पाट करून घेतला.

तोवर बाबा गेले होते. मिरजेत एकटी पडलेल्या आईला मी इकडे आणलं. तिने इथेच राहावं असं फार वाटत होतं, पण बाईसाहेब आल्या दिवसापासून परतीच्या गोष्टी करत होत्या. पाट पाहून तिने नाक मुरडलं. फिक्कट आहे, कच्चं लाकूड दिसतंय, म्हणाली. तरी मागच्या काचेच्या पॅटिओ डोअरशी मांडून त्यावर स्वतःचा पाण्याचा तांब्या ठेवू लागली.

महिन्याभराने पाट हलवला तर तो छान तांबूस झालेला, आणि तांब्याच्या जागी फिका गोल! डाग समजून आई चिंचेने घासत बसली. शेवटी फ्रँकना विचारलं. या लाकडाला उजेडात रंग चढतो, झाकलेला भाग मागे राहतो, पण उघडा ठेवला की तोही हळूहळू येतो, असं त्यांनी समजावलं.

"बरं," आई म्हणाली, "हा गोल भरला की माझं तिकीट काढ." आणि तांब्या उचलून तिने ओट्यावर नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला निघताना मी तांब्या गुपचूप पुन्हा त्या गोलावर ठेवू लागले. लबाडी होती, पण लाज म्हणून वाटली नाही.

परवा सकाळी खाली आले, तर तांब्या आधीच गोलावर, अगदी मधोमध. आई ओट्याशी पोहे परतत होती.

"अजून भरला नाही गं," मागे न बघताच ती म्हणाली. "दिवाळीपर्यंत तरी भरेलसं दिसत नाही."

मी "हो ना" म्हटलं आणि पोहे खायला बसले, घरच्यासारखी. घरच्यासारखी कसली, घरीच.