तिसऱ्या प्रहरी खणलेला गेरू

वेंगापेच्या गेरूला काओकोच्या डोंगरांत तोड नव्हती, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. नम्रतेच्या वाटेला ती कधी गेलीच नाही. दगडाची भुकटी ती कोरडीच मनगटावर घासायची आणि लायकी सांगून मोकळी व्हायची. लोण्यात कालवली की कुठलीही लाल माती सुंदरच दिसते, असं तिचं म्हणणं.

नेमकी अशा बाईची खाण लेकाच्या लग्नाच्या तोंडावर आटली.

डोंगरातल्या उघड्या चरात लाल थर वर्षानुवर्षं बारीक होत चालला होता. हातभर होता तो बोटभर झाला, आणि त्या सकाळी पहारीखाली नुसता राखाडी दगड आला. पौर्णिमेला नवरी यायची होती. सासूने घरच्या गेरूचं लोणी अंगाला चोपडल्याशिवाय सून घरची होत नाही, पाहुणीच राहते.

"वहिनी, ओपुवोच्या बाजारातून आण की," नणंद कावारी म्हणाली. नवरा वारल्यापासून ती भावाच्या वस्तीवरच होती आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. "का तुझ्या नाकाला मिरच्या झोंबतात?"

"बाजारचा गेरू लावलेली सून उद्या बाजारातच जाऊन बसेल, वन्सं."

"आणि पूर्वजांनीच खाणीचं दार लावून घेतलं असेल तर?"

हीच भीती वेंगापेच्याही मनात होती. ती स्वतः याच डोंगराच्या गेरूने या घरची झाली होती.

दगड बघत बसली असताना तिला म्बापेवा आठवली. ही हेरेरो जमातीची पोरगी दगडांचा अभ्यास करायला आली होती आणि महिनाभर वस्तीवर राहिली होती. दोघींच्या जमातींची भाषा एकच, त्यामुळे गप्पांना ऊत यायचा.

"मावशी, ही जमीन कधीकाळी ताणून फाटली," ती सांगायची. "एक बाजू खचून खोल गेली, दुसरीकडे उतार राहिला. त्या खळग्यात समुद्र शिरला."

"इथे? आमच्या शेळ्यांना प्यायला पाणी नाही, आणि तू समुद्र आणलास?"

"समुद्र, आणि वर बर्फाचं झाकण. खाली हवाच नाही, म्हणून लोखंड पाण्यात विरघळून राहिलं. झाकण सरकलं, हवा लागली, तसं ते गंजून तळाला बसलं. तोच तुमचा गेरू. बर्फात अडकलेले गोटेसुद्धा सुटून त्या गाळात रुतले."

वेंगापे तेव्हा डोळ्यांत पाणी येईतो हसली होती. पण ते गोटे तिच्या ओळखीचे होते. बसल्यावर गादी दबावी तसा प्रत्येक गोट्याखाली लाल थर दबलेला असे, आणि त्याचं कारण तिला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून ती गोष्ट तिने मनात जपून ठेवली होती.

आता तिला उलगडलं. गाळ खोलात साचतो, उतारावर पातळ होतो. म्हणजे आपण उताराकडे खणत आलो! पूर्वेकडे. पण पूर्वेकडेच का? तर आपली सावली गेरूवर पडू द्यायची नाही म्हणून. बायका गेरूला सकाळी यायच्या, सूर्याकडे तोंड करून खणायच्या, सावली मागे पडायची. सासूने, आजेसासूने, सगळ्यांनी तसंच केलं. पूर्व कुणी ठरवून निवडली नव्हती.

पश्चिमेकडे खणायचं तर तिसऱ्या प्रहरी यायला हवं, आणि मग संध्याकाळच्या धारा कोण काढणार?

"मी?" कावारी म्हणाली. "मी काय तुझ्या गाईंच्या धारा काढायला इथे राहिले?" मग स्वतःच म्हणाली, "एकच दिवस. तेही गाईंच्या तोंडाकडे बघून."

चराची पश्चिमेची बाजू पिढ्यान्‌पिढ्यांच्या राडारोड्याने बुजली होती. तो उपसण्यातच पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी कावारी कुणी न सांगता कासंडी घेऊन गाईंकडे गेली. मग तिसऱ्या दिवशीही गेली. वेंगापेचे तळहात सोलून निघाले. आधी बोटभर लाल रेघ लागली, मग वीतभर, आणि पौर्णिमा दोन दिवसांवर आली तेव्हा पुन्हा हातभर जाड थर उघडा पडला. त्यात एक गोटा रुतलेला होता आणि त्याच्याखाली थर दबलेला होता. वेंगापेने भुकटी मनगटावर घासली आणि तिथेच बसून रडली. रडतानाही तिने मान वळवून सावली मागेच आहे ना हे पाहिलं. मला या बाईचं कौतुक वाटतं ते याचं.

पौर्णिमेला नवरी आली. वेंगापेने तिचं कपाळ, खांदे, दंड लाल केले. पोरगी उन्हात तांब्यासारखी झळकायला लागली. कावारी वाडगं धरून शेजारी उभी होती. तिने नवरीला न्याहाळलं.

"आता तू घरची," ती म्हणाली. "उद्या तिसऱ्या प्रहरी सासूबरोबर गेरूला जायचं. धारा माझ्याकडे आहेत."