मधली वाट मोकळी ठेवा

बंगलोरला येऊन मला वर्ष उलटलं होतं, आणि ऑफिस सोडलं तर नावानं हाक मारणारं एक माणूस नव्हतं. इंदिरानगरात खोली, खोलीत एक कीबोर्ड, आणि जिन्यात शेजारणीचं "ऊटा आयता?" जेवलो म्हणून सांगायचं आणि दार लावून घ्यायचं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. ऑफिसात बिनतारी नेटवर्कची दोन कार्डं चाचणीसाठी आली आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. मराठी मंडळाच्या हॉलमध्ये कार्यक्रम करायचा. स्टेजवर मी कीबोर्डवर पेटी वाजवणार. माझा निपाणीचा सहकारी पार मागे, दाराशी, दुसऱ्या कॉम्प्युटरवर बोटं चालवणार, आणि त्याचा तबला मध्ये एकही वायर नसताना स्टेजवरच्या स्पीकरमधून ऐकू येणार. लोक तोंडात बोटं घालतील, कोण कुठचे म्हणून चौकशी करतील, कोणीतरी म्हणेल, या की घरी जेवायला. खरं सांगतो, सगळा खटाटोप त्या जेवणासाठी होता.

मंडळाचे कार्यवाह म्हणाले, "पुढच्या रविवारी दुपारी हॉल रिकामाच आहे. घ्या." मी हरखलो.

सरावाला तबला झकास वाजायचा. पण मंडळात भजनाला येणाऱ्या काकू हॉलमध्ये येऊन बसल्या की घोटाळा. ठोका उशिरा यायचा, मग तीन-चार एकदम कोसळायचे, आणि सम भलतीकडेच. मी कार्डं अदलाबदल केली, चॅनल बदलला, पंखे बंद केले, एरियल फिरवून फिरवून मान धरली. "काय कटकट आहे!" म्हणून टेबलावर हात आपटला. तेवढ्यात काकू चहाला बाहेर गेल्या आणि तबला सुतासारखा सरळ. त्या परत आल्या, पुन्हा बोंब.

"एरियलच्या मध्ये माणसं आली की अडतंय," सहकारी म्हणाला. "तुझं नेटवर्क माणूसघाणं आहे बघ. अगदी तुझ्यासारखं."

"मी माणूसघाणा?" मी उसळलो. "माणसं हवीत म्हणून तर चाललंय ना हे!"

"मग बसव की त्यांना स्वल्प बाजूला."

तसंच केलं. खुर्च्या दोन्ही कडांना, मधोमध स्टेजपासून दारापर्यंत रुंद वाट मोकळी, तिच्या दोन टोकांना दोन एरियल. काकूंना कडेला बसवून पाहिलं, एक ठोका इकडचा तिकडे झाला नाही. त्या वाटेनं कोणी चाललं तरच तबला अडखळायचा. मी दारावर पाटी लावली, मधल्या वाटेनं येऊ नये.

रविवारी कार्यवाह किल्ली द्यायला आले ते रेशमी झब्बा घालून, अत्तर लावून. "यशवंतपूरला मुंज आहे ना आज. सगळं मंडळ तिकडेच. तुम्हाला..." ते थांबले. "हो, तुमची ओळख नाही ना अजून." स्कूटरला किक मारून ते गेले.

म्हणून रिकामा होता तर हॉल! आणि मी बावळट, हरखलो काय!

"तुला होतं आमंत्रण?" मी सहकाऱ्याला विचारलं. त्याच्या अंगात नवा शर्ट होता.

"होतं की."

"मग गेला का नाहीस?"

"तबला कोण वाजवणार? सरी, असू दे, चल, सूर धर."

रिकाम्या खुर्च्यांसमोर मी वाजवायला बसलो. आणि तबला असा वाजला, असा वाजला, की काय सांगू! प्रत्येक सम जिथल्या तिथे. मला रडू येत होतं. इतके दिवस ज्याच्यासाठी डोकं फोडलं ते जमलं होतं, आणि मी मनात म्हणत होतो, चुकू दे रे. एक तरी ठोका चुकू दे, कोणीतरी येऊ दे.

आणि चुकला. तबला अडखळला, थांबला, मग ठोके एकावर एक पडले. मी इतक्या आनंदानं मान वर केली! मधल्या वाटेनं हॉलचा वॉचमन येत होता, हातात झाडू घेऊन.

"मुगीता, सार?" त्यानं विचारलं. संपलं असेल तर त्याला खुर्च्या उचलायच्या होत्या.

"इल्ला," मी नाही म्हणालो आणि त्याला पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची दाखवली. झाडू मांडीवर घेऊन तो बसला. मग मी पहिल्यापासून सुरुवात केली.