बर्फासाठी राखून ठेवलेलं गाणं

भर ऑगस्टात, रियाधसारख्या शहरात, गळ्याला मफलर गुंडाळून गाडी चालवणारा मनुष्य अख्ख्या पृथ्वीवर एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मूळचे रत्नागिरीचे, म्हणजे थंडीशी ओळख पहाटे अंगावर चादर ओढण्यापुरती. पण जपानमध्ये नव्वदच्या दशकात जी हिवाळी गाणी गाजली, ती या माणसाइतकी जीव लावून खुद्द जपानात तरी कोणी ऐकली असतील का, याची मला शंका आहे. आमची दोघांची ऑफिसं रियाधच्या ओलाया भागात, त्यामुळे कित्येक वर्षं मी त्यांच्याच गाडीतून जात-येत असे. बाहेर डांबर वितळायची पाळी आलेली, आत एसी होता नव्हता तेवढा जोर लावून सुरू, आणि कोणी एक जपानी तरुणी घंटांच्या किणकिणाटात बर्फासाठी गळा काढते आहे. मी कुडकुडत ऑफिसात शिरायचो. आमचा इजिप्शियन साहेब काळजीने विचारायचा, "अंगात ताप आहे का?"

हे वेड त्यांना लागलं तांबड्या समुद्राच्या काठी, थुवालजवळ. तरुणपणी ते तिथे समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एका प्लांटवर होते आणि त्यांच्या वर एक जपानी इंजिनिअर होता. हा गृहस्थ दुपारच्या उन्हात पत्र्याच्या केबिनमध्ये बसून आपल्या मुलखातली हिवाळी गाणी ऐकायचा आणि डोळे पुसायचा. मायदेशी परत जाताना त्याने टेपरेकॉर्डरसकट सगळ्या कॅसेट साडूंच्या हवाली केल्या. "आपल्याकडे आंब्याचा मोसम, तसा त्यांच्याकडे या गाण्यांचा," साडू सांगत. "थंडी पडली की नवी गाणी बाजारात. टीव्हीच्या जाहिरातीत तीच, दुकानात तीच, पोरंपोरी बर्फावर घसरायला निघाली की गाडीतही तीच." जपानीचा एक शब्द त्यांना येत नव्हता. तरी प्रत्येक गाण्याचा अर्थ ते छातीठोकपणे सांगत, आणि तो बहुधा एकच असे: कोणीतरी स्टेशनवर उभं आहे, तोंडातून वाफा निघताहेत, बर्फ पडतोय, आणि जिने यायचं कबूल केलं होतं ती काही येत नाही. एकदा मी न राहवून म्हटलं, "साडूभाऊ, एक फोन करून विचारावं ना तिला!" त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तुम्ही पडलात बँकवाले. तुम्हाला नाही कळायचं."

घरीही हाच हिवाळा. इतरांच्या दाराशी चपलांचं कपाट असतं, यांच्या दाराशी शालींची टोपली असे. आलेल्या पाहुण्याने त्यातली एक घ्यायची, पांघरायची आणि मगच सोफ्यावर बसायचं. इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात एका वर्षी त्यांनी यांतलं एक गाणं म्हणायला घेतलं. आवाज खणखणीत, चेहरा गंभीर. पुढच्या रांगेत कोणाचे तरी वडील बसले होते, त्यांना हे जपानचं राष्ट्रगीत वाटलं आणि ते ताडकन उभे राहिले. ते उठले म्हणून त्यांचा मुलगा उठला, मग सून, मग सगळा हॉल. साडूंनी हे आपल्या गळ्याला मिळालेली दाद समजून सगळी कडवी म्हटली, आणि आम्ही हातात तिळगूळ धरून शेवटपर्यंत ताठ उभे. ताई, म्हणजे माझी मेहुणी, पदरात तोंड खुपसून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

गाडी त्यांनी कधी बदलली नाही, कारण नव्या गाड्यांत कॅसेट चालत नाही. मागचं दार आतून उघडायचं नाही, ते बाहेरून कोणीतरी उघडून द्यायचं, पण कॅसेट मात्र झोकात चालायची. या कॅसेटांमध्ये एक निळी होती, आणि तिच्यातलं शेवटचं गाणं ऐकायला सक्त मनाई होती. निरोप घेताना तो इंजिनिअर म्हणाला होता, "हे शेवटचं मात्र बर्फात उभं राहून ऐक. आपलं माणूस शेजारी असू दे." आपण नाही का म्हणत, या एकदा चहाला, तसंच सहज म्हणाला असेल. यांनी ते व्रतासारखं धरलं. लग्न झाल्या झाल्या ताईला कबूलही करून टाकलं, की आपण दोघं जपानला जाऊ आणि बर्फात उभं राहून ते ऐकू. तोवर ते कोणी ऐकायचं नाही. त्यामुळे शेवटून दुसरं गाणं संपत आलं, की हा माणूस असेल तिथून उठायचा. एकदा जेवता जेवता बांगड्याच्या कालवणाने माखलेल्या हातानेच त्यांनी धावत जाऊन बटण दाबलं. त्या टेपरेकॉर्डरला तो वास कायमचा लागला. पुण्याला नोकरीला असलेला त्यांचा मुलगा वैतागून म्हणायचा, "बाबा, मोबाइलवर आत्ता पाठवतो शोधून. इट्स जस्ट अ साँग!" त्यावर बापलेकांचं महिनाभर वाजायचं.

जपान दर वर्षी ठरायचं. "या हिवाळ्यात नक्की," ते सांगायचे. पण इथल्या माणसाला वर्षाकाठी मिळते ती एक सुट्टी, आणि ती मिळण्याआधीच गावाने वाटून घेतलेली असते. कधी घराचं छप्पर, कधी आईचा मोतीबिंदू, कधी मुलाची बारावी, कधी पुतणीचं लग्न. ताईने हौसेने लोकरीचे हातमोजे घेऊन ठेवले होते. पुढे ते ओव्हनमधून केक बाहेर काढायला वापरात आले. ती कधी कुरकुरली नाही. तिने कुरकुर केली असती तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

मग एका हिवाळ्यात मोबाइलवर व्हिडिओ आला, की उत्तरेला हाइलकडे वाळवंट पांढरं झालंय. साडू अंगावर सगळे स्वेटर चढवून आमच्या दारात हजर. "यल्ला, उठा! जपान चालून आलंय!" आम्ही चौघं निघालो. रस्ता संपता संपेना. पोहोचलो तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं आणि वाळू नुसती ओली होती. शोधता शोधता एका कातळाच्या सावलीत थोडं पांढरं सापडलं. जवळ जाऊन पाहिलं, तर गारा. ताईने मूठभर उचलल्या, एक तोंडात टाकली आणि शाळकरी पोरीसारखी ओरडली, "अहो, लावा की ते गाणं! गारा तर गारा!"

गाडी मागेच उभी होती, निळी कॅसेट आत होती. साडूंनी एक गार बोटांत धरून नीट निरखून पाहिली. "छे गं. गारा म्हणजे काही बर्फ नव्हे. इतकी वर्षं थांबलो, आता कशाला उगीच? पुढच्या हिवाळ्यात जपानच." ताईने उरलेल्या गारा त्यांच्या कॉलरमधून आत सोडल्या, ते नाचले, आम्ही पोट धरून हसलो आणि थर्मासमधला चहा पिऊन परत फिरलो. ते आठवलं, की अजून जीव हळहळतो.

पुढचा हिवाळा ताईने पाहिला नाही. साधं दुखणं म्हणून इस्पितळात गेली, ती घरी आलीच नाही.

साडू आता कायमचे रत्नागिरीला निघालेत. देश सोडायचा व्हिसा, फायनल एक्झिट, लागलाय. परवाच्या शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं त्यांना सामान बांधायला मदत करायला गेलो. दाराशी शालींची टोपली नव्हती. एसी बंद होता, साडू साध्या बनियनवर बसले होते आणि घाम पुसत होते. टेपरेकॉर्डर तेवढा बांधायचा राहिला होता, त्यात निळी कॅसेट सुरू होती. शेवटून दुसरं गाणं संपत आलं. मी सवयीने त्यांच्याकडे पाहिलं. ते उठले नाहीत. मीच अर्धवट उठलो, तर म्हणाले, "राहू द्या, साडूभाऊ."

गाणं सुरू झालं. आधी पियानो, मग बारीक घंटा, मग तीच ती कोणीतरी वाट बघणारी. माझी बायको ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. गाणं संपलं आणि कॅसेट आपोआप बंद पडली.

"बाकीच्यांसारखंच आहे हो," साडू म्हणाले.

मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"तिला काय, इथे कणीक मळतानासुद्धा चाललं असतं."