कार्डाचा नंबर आणि पंपावरचा माणूस

ती घटना आठवली की अजूनही चोराच्या आधी मला पेट्रोल पंपावरचा तो माणूस दिसतो. क्रेडिट कार्ड तेव्हा कोल्हापुरात नवंनवं होतं. आम्हा पोलिसांनाही त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

शिवाजी पेठेतले एक निवृत्त मुख्याध्यापक बिल घेऊन ठाण्यात आले. आयुष्यात विमानात न बसलेल्या माणसाच्या नावावर विमानाची तिकिटं निघाली होती, तीही इंटरनेटवरून. कार्ड खिशातच होतं. नंबर कुणाला दिला का, असं मी तीनदा विचारलं. गुरुजी तीनदा नाही म्हणाले. कार्ड ते एकाच पंपावर वापरत आणि तिथला एक कामगार ते आत नेऊन यंत्रात घासून आणायचा. झालं, आमचा तपास संपला! गुन्हा नोंदवला, जीप पाठवली आणि त्याला भर दुपारी पंपावरून उचलून आणलं.

दोन दिवस बोलावून चौकशी केली. आपल्याला इंग्रजी वाचता येत नाही, कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नाही, एवढंच तो सांगत होता. सराईत माणूस गोष्ट बदलत जातो. हा बदलत नव्हता, आणि ते मला कळत होतं. पण वरून विचारणा होत होती आणि खरं सांगायचं तर मला दुसरं काही सुचत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पुरवणी जबाबासाठी गुरुजींच्या घरी गेलो. चहा होतोय तोवर फोन वाजला. गुरुजींचा चेहरा खुलला. "बोल बाळा," म्हणाले आणि बँकेनं बदलून दिलेल्या नव्या कार्डाचा नंबर शुद्धलेखन घालावं तसा सावकाश सांगू लागले. मी रिसीव्हरवर हात ठेवला. हा कोण, म्हणून विचारलं.

"माझा विद्यार्थी. बँकेत लागलाय. कार्ड सुरू करून देतोय."

"मग कुणाला नंबर दिला नाही म्हणालात ते?"

"बाहेरच्या कुणाला दिला नाही, साहेब. हा विद्यार्थी आहे की."

मी कपाळाला हात लावला. त्याला उद्या याच वेळी फोन करायला सांगा, म्हटलं. फोन इचलकरंजीच्या एका बूथवरून आल्याचं टेलिफोन खात्यानं कळवलं. दुसऱ्या दिवशी साध्या वेशातल्या शिपायांनी रिसीव्हर हातात असतानाच त्याला धरलं. तो गुरुजींच्या वर्गात कधी बसलाच नव्हता. रद्दीत मिळालेल्या शाळेच्या स्मरणिकेत गुरुजींचा फोन आणि माजी विद्यार्थ्यांची नावं होती, तेवढ्यावर त्याचं भागलं.

पंपमालकानं जीप आली त्याच दिवशी त्या कामगाराला काढून टाकलं होतं. मी साध्या कपड्यांत, मोटारसायकलवरून त्याच्या घरी गेलो. खरा चोर सापडला, तुझ्यावर काही नाही, मालकाशी बोलतो, असं सांगितलं.

"बरं झालं, साहेब," तो म्हणाला. "पर मला न्हेताना जीप आलती, समद्यांनी बघितलं. सुटलो म्हणून सांगायला मात्र गुपचूप आलाय व्हय?"

मालकाशी बोललो. त्यानं काही त्याला परत घेतलं नाही. गुन्हा उघडकीस आणल्याबद्दल मला मात्र बक्षीस मिळालं.

लोक आजही विचारतात, कार्ड कसं जपायचं. आपला म्हणवणाऱ्यालाही नंबर देऊ नका, असं मी सांगतो. पण मी त्या तपासात शिकलो ते वेगळंच, आणि त्याची मला लाज वाटते. संशयिताला चारचौघांत नेलं, तर निर्दोष ठरल्यावर त्याला चारचौघांतच सोडायला हवं. मी त्याच्या घरी गेलो त्या दुपारी ठाण्याच्या आवारात जीप रिकामीच उभी होती.