आमच्या घरचं मातीचं खेचर

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमची पलटण काश्मीरच्या उत्तर भागात होती आणि मी हुद्द्यानं नायक होतो. आमच्या सेक्शनकडे डोंगराच्या सोंडेवरची एक पोस्ट होती. तिथवर रस्ता नव्हता, नुसती पायवाट होती. रेशन, रॉकेल, गोळ्या, घरची पत्रं, जे काही वर यायचं ते खालच्या बेसवरून खेचरांच्या पाठीवर यायचं.

खेचरं घेऊन येणारा ड्रायव्हर होता लान्स नायक अशोक कांबळे. लष्करात खेचर हाकणाऱ्यालाही ड्रायव्हरच म्हणतात. कांबळे कबनूरचा. त्याची आई यंत्रमागावर कांड्या भरायची. मी गारगोटीकडचा. दोन कोल्हापूरकर एवढ्या लांब भेटल्यावर गळ्यात गळे घालतील असं वाटत असेल, तर तसं काही नाही. पहिला आठवडा आम्ही भांडण्यात काढला. तो मला डोंगरातला म्हणायचा आणि मी त्याला मागाच्या खडखडाटानं बहिरा झालेला म्हणायचो.

त्याच्याकडे एक मादी खेचर होती. अंगानं दांडगी आणि स्वभावानं लाथाळ. सरकारी हिशेबात तिला फक्त नंबर होता. कांबळेनं तिचं नाव ठेवलं होतं चिमणी. पोस्टवरचे सगळे जवान तिला वळसा घालून जायचे. मी मात्र पहिल्याच दिवशी जाऊन तिची मान खाजवली.

"भ्या वाटत न्हाय व्हय तुला?" कांबळेनं विचारलं.

"आमच्या घरात खेचराची पूजा करत्यात."

"पावणं, सकाळी सकाळी काय घेटलंय?"

मग त्याला सगळं सांगावं लागलं. तुम्हालाही आधी ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

माझा आज्जा दुसऱ्या महायुद्धात इटलीत होता, खेचरांच्या कंपनीत. शेजारच्या घरातला दत्तू त्याच्याबरोबर होता. दोघं एकाच दिवशी भरती झाले आणि एकाच बोटीनं गेले. आज्जा म्हणायचा, "इटली म्हंजे काय, आपल्या घाटावानीच की. नुसतं वर बर्फ टाकल्यालं." रेशन वर न्यायचं आणि जखमींना खाली आणायचं, हे त्यांचं काम.

एकदा दाट धुक्यात जखमींना घेऊन दोघं खाली येत होते. पुढे दत्तू, मागे आज्जा. वाटेत दत्तूचं खेचर अडलं. ती मादी, नाव तुळशी. दत्तूनं ओढलं, दोन तडाखे दिले, तरी ते हलेना. पाठीवरचा जखमी कण्हत होता आणि घाई होती. दत्तू चिडला, दोरी सोडली आणि काय आहे ते बघायला एकटा पुढे गेला. पुढे सुरुंग होता. तो फुटला आणि दत्तू जागीच गेला. नंतर तुळशीनं आपणहून दुसरी वाट धरली. आज्जा तिच्या मागं गेला आणि जखमी खाली पोचले.

आज्जा परत आला तो एकच नेम घेऊन. आमच्याकडे बेंदराला, म्हणजे आमच्या भागातल्या पोळ्याला, मातीचे बैल पूजतात. आज्जानं त्या बैलांच्या शेजारी मातीचं एक खेचर बसवलं. कुंभार बैल करायचा. आज्जा त्याची शिंगं आणि वशिंड काढून लांब कान लावायचा. हात कलाकाराचा नव्हता. एका वर्षी ते हुबेहूब कुत्र्यासारखं झालं होतं. गाव हसायचं. आमच्या घराला नाव पडलं गाढववाले. गावचा पाटील तर दर बेंदराला दारात येऊन ओरडायचा, "गाढववालं, झाली का न्हाय पूजा?"

एक बाई मात्र कधी हसली नाही. दत्तूची धाकटी बहीण, हौसाआत्या. दत्तू गेला तेव्हा ती परकर नेसायची. पुढे गावातच दिली. दर बेंदराला ती एक पुरणपोळी घेऊन आमच्याकडे यायची. घास मोडून मातीच्या खेचराच्या तोंडाला लावायची आणि त्यालाच विचारायची, "शेवटाला काय म्हणला रं माझा दादा? तूच हुतास जवळ." मग डोळे पुसून चहा पिऊन जायची. आज्जा त्या वेळी घरात थांबत नसे, गोठ्यात जाऊन बसायचा.

आणि दरवर्षी आज्जा आम्हा नातवंडांना तेच सांगायचा. "खेचर अडलं तर वढू नगंसा. मारू नगंसा. दोरी ढिली सोडायची, त्येच्या डाव्या अंगाला हुबं ऱ्हायचं, आन् त्येला ठरवू द्यायचं." गावात कुणाकडे खेचर नव्हतं. तरी आम्हाला हे पाढ्यासारखं पाठ होतं. मी भरती होऊन ट्रेनिंगला असताना आज्जा वारला.

कांबळेनं सगळं ऐकून घेतलं. हसला नाही. एवढंच म्हणाला, "आज्जा खरा ड्रायव्हर हुता तुझा."

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या पोस्टवर शेलिंग झालं. सकाळची वेळ होती. कांबळे चिमणीवरचं सामान उतरवत होता. एक गोळा लंगरच्या, म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या, मागे पडला. आम्ही बंकरमधून बाहेर आलो तेव्हा कांबळे चिमणीच्या पुढ्यात पडला होता. खांद्यात आणि मांडीत स्प्लिंटर घुसले होते. चिमणीला ओरखडाही नव्हता. ती जागची हलली नव्हती.

आम्ही ड्रेसिंग बांधलं. रक्त कमी झालं, थांबलं नाही. हवालदार नेगी आमचे सेक्शन कमांडर. त्यांनी वायरलेस सेट उचलला.

"एक कॅज्युअल्टी. सीरियस. हेली भेजो. ओव्हर."

"हेली नहीं उडेगा. नीचे पूरा कोहरा है. कॅज्युअल्टी को बेस तक लाओ. डॉक्टर तयार है. ओव्हर."

स्ट्रेचरला चार माणसं लागतात. एवढी माणसं काढली तर पोस्ट रिकामी पडत होती, आणि त्या निसरड्या वाटेवर चार माणसं नीट चालणारही नव्हती. नेगींनी माझ्याकडं पाहिलं.

"खच्चर तेरी बात मानेगा?"

"मानेगी, साहब."

मानेल की नाही हे मला माहीत नव्हतं. पण तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. कांबळेला खोगिरावर पालथा घालून बांधला. मी दोरी धरली, नेगी मागून कांबळेला सावरत निघाले.

निम्मी वाट बरी गेली. मग धुकं आलं. हात लांब केला तर बोटं दिसेनात. कांबळे मधूनमधून आईला हाक मारत होता, मग तेही थांबलं. त्याच्या हाका थांबल्या तेव्हा मी खरा घाबरलो. आणि नेमकी तिथंच चिमणी अडली.

तेवढ्यात धुकं जरा विरळ झालं आणि समोर वाट सरळ दिसली. बर्फ सपाट, वर कांबळेच्याच सकाळच्या फेरीच्या खुणा. नाल्यापलीकडं गेलं की बेस जवळ.

"खींच इसको!" नेगी ओरडले.

मी ओढलं. एकदा. चिमणीनं कान मागं टाकले आणि चारी पाय रोवले. नेगींनी काठी उचलली. त्यांचं चूक नव्हतं. माणूस डोळ्यांदेखत जात होता आणि जनावर अडून बसलं होतं. माझेही पाय पुढे जायला शिवशिवत होते. दोरी टाकावी आणि चार पावलं जाऊन बघून यावं, एवढंच मनात आलं.

त्या क्षणी मला आज्जा आठवला असं म्हणणं खोटं ठरेल. मला हौसाआत्या आठवली, घास हातात धरून मातीच्या कानाशी वाकलेली.

"साहब, मत मारो. रस्सी ढीली छोडता हूँ."

"पागल है क्या?"

"दोन मिनिट द्या, साहब," मी घाईत मराठीतच बोललो. त्यांना ते कळलं कसं कोण जाणे, पण काठी खाली आली.

मी दोरी ढिली सोडली आणि चिमणीच्या डाव्या अंगाला उभा राहिलो. मानेवर हात ठेवला. ती थरथरत होती. मग तिनं फुरफुर केली, डोकं वळवलं आणि उजवीकडं चढावर पाय टाकला. तिकडं वाट नव्हती, नुसते खडक होते. आम्ही तिच्या मागं गेलो. तिनं नाल्याला वरून वळसा घातला आणि आम्हाला बेसच्या तारेपाशी नेऊन उभं केलं.

डॉक्टरांनी कांबळेला आत घेतलं. बाहेर येऊन म्हणाले, "वेळेवर आणलात."

धुकं फाटल्यावर गस्तीची तुकडी त्या वाटेनं गेली. मी आणि नेगी मुद्दाम बरोबर गेलो. चिमणी अडली होती तिथून काही पावलांवर बर्फाची साय तेवढी होती. खालून नाल्यानं सगळं पोखरलं होतं. तुकडीतल्या एकानं दगड टाकला आणि वाटच्या वाट खाली गेली. नेगी बेसवर गेले, लंगरमधून गुळाची भेली उचलली आणि अख्खी चिमणीपुढं ठेवली.

बेंदराला मला रजा मिळाली. मी घरी सांगितलं, घरानं गल्लीत सांगितलं, आणि बेंदराच्या दिवशी दुपारी कांबळे स्वतः दारात उभा राहिला. हात गळ्यात बांधलेला, बरोबर आई. माउली आत आली ती थेट मातीच्या खेचरापुढं बसली.

"आमच्यात पूजा न्हाय करत, बाई," ती माझ्या आईला म्हणाली. "पर घास भरवायला काय हरकत हाय? माझं लेकरू आणलंय ह्येनं."

संध्याकाळी वेशीत कर बांधला होता. कर म्हणजे गवताची जाड दोरी, पानं लावून आडवी ताणलेली. ती तोडून बैल गावात शिरतात. पहिल्यांदा कर तोडायचा मान पाटलाच्या बैलाचा. त्यासाठी आमच्या गावात डोकी फुटलेली आहेत. हलगी वाजायला लागली. पाटलानं बैल पुढं आणला, कडेला उभ्या असलेल्या आम्हाला पाहिलं आणि कासरा आखडला.

"थांबवा रं हलगी," तो ओरडला. "ह्या वर्षी आधी खेचर जाऊ दे."

एवढी वर्षं आम्हाला गाढववाले म्हणणारा हाच माणूस. माझे आण्णा पन्नाशी ओलांडलेले, लहानपणापासून ती थट्टा सोसत आलेले. ते पोरासारखे रडले. मलाही आवरलं नाही, आणि त्याची लाज वाटली नाही.

आण्णांनी घरून मातीचं खेचर ताटात घालून आणलं आणि ताट हौसाआत्याच्या हातात दिलं. एका बाजूला कांबळे, एका बाजूला मी. कांबळेनं धडधाकट हात घालून कर खाली ओढला, म्हातारीनं ताट पुढं केलं आणि आम्ही तिघांनी मिळून तो तोडला. हलगी पुन्हा कडाडली. गुलाल इतका उडाला की मातीचं खेचर लालभडक झालं.

घरी येऊन हौसाआत्यानं ताट कोनाड्यात ठेवलं. पोळीचा घास मोडला. आम्ही सगळे उभे होतो. दरवर्षीचा प्रश्न आम्हाला ठाऊक होता. पण तिनं तो विचारला नाही. पदरानं खेचराच्या कानावरचा गुलाल पुसला आणि हळूच म्हणाली,

"माझ्या दादाला सांग. ह्या बारीला खेचरवाला बी खाली पोचला."