तांबे वर्ज्य असलेली खोली

"शास्त्रीबुवा, आप्पा गेले…" एवढे सांगून त्यांच्या पत्नी कमलवहिनी फोनवर हलक्या आवाजात म्हणाल्या, "तेराव्याला याल तवा तांब्याची भांडी मागच्या खोलीकडं न्हेऊ नका." केडगावच्या आमच्या आप्पांना जाऊन महिना लोटला, ती वार्ता मला आजही त्या सूचनेसकटच आठवते.

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर आप्पांनी मागच्या खोलीत काचेच्या टाकीत समुद्र मांडला होता. गाळलेल्या पाण्यात मीठ कालवून केलेल्या त्या समुद्रात जिवंत प्रवाळ होते. मी तळेगाव ढमढेऱ्याहून मुद्दाम पाहायला गेलो. प्रवाळ म्हणजे मंगळाचे रत्न, अंगठीतला खडा, एवढीच माझी ओळख. मात्र संस्कृतात कोवळ्या पालवीलाही प्रवाळ म्हणतात, असे मी सांगितले तेव्हा आप्पा खूश झाले. "म्हंजी तुमच्या ऋषींनाबी संशय होता तर, ह्यो दगड न्हाई म्हणून!"

संशय हा खरे तर आप्पांचाच स्थायीभाव. बोअरच्या पाण्याचा, मिठाच्या पिशवीचा, दुकानदाराचा… आणि माझा. पाण्यात उतरलेला तांब्याचा अंश प्रवाळांना विषासमान, म्हणून ते मला उंबऱ्यातच अडवीत. "हात दाखवा. कुठल्या अभिषेकाहून आलात?" ज्या धातूतले जल आम्ही तीर्थ म्हणून घेतो, त्यालाच तिथे मज्जाव! आप्पांची श्रद्धा ढळली की काय, ही शंका मी एकदा बोलून दाखवली. ते म्हणाले, "देवाला तांबं चालतं, ह्यांना न्हाई. उगा भांडण लावू नका आमच्यात."

शेवटच्या भेटीत त्यांनी कुणाच्या तरी टाकीत वाढलेल्या प्रवाळाचा तुकडा दुकानातून पाणी भरल्या पिशवीत आणला होता. आधी ती बंद पिशवी टाकीत तरंगत ठेवली, दोन्हीकडची ऊब सारखी होईपर्यंत. मग तुकडा वाडग्यात घेऊन बारीक नळीने टाकीतले पाणी थेंबथेंब सोडू लागले.

"एकदम ओतले तर?"

"मरंल. त्याच्या अंगात जुन्या घरचं पाणी हाय. नवं हळूहळू मुरू द्यायचं."

अखेर तो तुकडा त्यांनी मंद उजेडाच्या कोपऱ्यात बसवला आणि वाडग्यातले पाणी मोरीत ओतले. "दुकानदाराच्या पाण्यात काय काय पवतंय, कुणी बघितलंय?" प्रवाळ मात्र मिटलेलेच होते. आप्पा त्याच्याकडे साशंक नजरेने पाहत राहिले… त्याच आठवड्यात त्यांचे हृदय थांबले.

तेराव्याला मी पळसाचा द्रोण घेऊन घरभर शुद्धोदक शिंपडत मागच्या खोलीशी आलो, तर कमलवहिनी दारात आडव्या उभ्या. या टाकीला त्या आयुष्यभर सवत म्हणत आल्या होत्या.

"पाणी कसलं हाय?"

"मंत्रवलेले. द्रोण पानाचा आहे, वहिनी."

"द्रोणात वतलं कशातनं?"

कलश तांब्याचाच होता. मी द्रोण अंगणातल्या तुळशीत रिता केला आणि परत येऊन विचारले, "ते नवे जगले का?"

"जगलं म्हणायला भ्या वाटतंय. माणसं डोकावली की मिटतंय. जरा मागं सरा."

मी सरलो.

"अजून."

पाठ भिंतीला टेकली. वहिनी दारातून हलल्या नाहीत. फक्त माझी नजर जाईल एवढ्याच त्या कलल्या. आतल्या निळसर उजेडात त्या तुकड्याची नखाएवढी बोटे एकेक करून उलगडत होती…

"बघा," त्या पुटपुटल्या, "पन लांबनंच."