विनंती थांबा

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. नव्वदच्या दशकात मी शहापूरला नोकरीला होतो आणि शनिवारी बसने मुरबाडला घरी यायचो. त्याच बसला ती असायची. किडकिडीत पोरगी, मुंबईला विद्यापीठात शिकणारी. वाचताना ओळीवर बोट ठेवायची आणि खिडकीबाहेर पाहतानाही ते हलू द्यायची नाही.

एकदा मी विचारलं, "काय शिकतेस गो?"

"मानवी हक्क."

"ते शिकावं लागतं?"

ती नुसती हसली.

वाटेत डोंगरातल्या पाड्यांचा विनंती थांबा होता. हात केला तरच बस थांबायची असा नियम, पण लाकडाच्या मोळ्या विकायला नेणाऱ्या पाड्यातल्या मोळ्यावाल्यांनी हात केला तरी बस धूळ उडवत निघून जाई. कुणी उतरणारा निघाला, तरच त्यांना चढायला मिळे.

एका शनिवारी थांब्यावर मोळ्यावाले हात न करताच उभे होते, आणि तिथे कुणीच उतरणार नव्हतं. ती उठली. एका हाताचं बोट पुस्तकातच ठेवून तिने दुसऱ्या हाताने घंटीची दोरी ओढली. ती दोरी कंडक्टरचीच, असं आम्ही सगळे धरून चालायचो. बस करकचून थांबली.

"उतरायचंय का तुला?" कंडक्टर खेकसला.

"नाय. त्यांना चढायचंय."

"मंग हात का नाय केला त्यांनी?"

"किती वर्षं करतील?"

मी तिच्याकडे बघतच राहिलो. पण खाली कुणी हलेना. मोळ्यावाल्यांतली सगळ्यात पुढची म्हातारी तर उतरणाऱ्याला वाट द्यायला बाजूला सरली.

ती पोरगी दारातून वाकली. "कोनी उतरत नाय, आये. गाडी तुमच्यासाठी थांबलीय."

म्हातारीने मागे वळून पाहिलं, आपल्यामागे कोण उभं आहे ते.